तिरुवैयारूची त्यागराज आराधना

तंजावरनजीक कावेरीतीरी तिरुवैयारू येथे संगीतकार त्यागराज यांची समाधी आहे. त्यांचे निधन १८४७ साली झाले. दरवर्षी पौष वद्य पंचमीस तेथे गायक बिदागी न घेता गातात. श्रोत्यांसही तिकीट नसते. त्यागराजांच्या ‘पंचरत्न’ कृती नामवंत गवई व शिकाऊ मुले एकत्र बसून म्हणतात. अशा मेळ्यात मुलाचा कान जितका तयार होतो, तितका नुसत्या स्वरपाठाने क्वचितच होतो.

तथापि मोफत म्हणजे सर्वांस खुले, असे शिक्षकांनी समजू नये. गायिका बंगळूर नागरत्नम्मा यांनी स्वतःच्या मिळकतीतून समाधिमंदिर बांधविले. परंतु उत्सवात स्त्रियांस गाण्याची मुभा नव्हती. तेव्हा त्यांनी स्त्रियांची वेगळी आराधना सुरू केली. १९४० च्या सुमारास सर्व गट एकत्र आले आणि स्त्रियांस समाधीसमोर गाता येऊ लागले.