रासायनिक भाजणे : आधी कपडे काढा, मग पाणी ओता

२ डिसेंबर १९४३ च्या संध्याकाळी इटलीतील बारी बंदरावर जर्मन विमानांनी बॉम्बहल्ला केला. बंदरात दोस्त राष्ट्रांची मालवाहू जहाजे दाटीने उभी होती. त्यांपैकी ‘जॉन हार्वे’ या अमेरिकी जहाजावर मस्टर्ड वायूचे बॉम्ब गुप्तपणे आणलेले होते. जहाज फुटले, ही गोष्ट ठाऊक असलेले लोकही त्यात गेले आणि ते रसायन पाण्यावर तरंगणाऱ्या तेलात मिसळले.

त्या तेलातून पोहत वाचलेले शेकडो खलाशी रुग्णालयांत पोहोचले. डॉक्टर साहजिकच आधी गंभीर जखमींकडे वळले. बाकीचे गारठलेत असे समजून त्यांच्या तेलकट, ओल्या कपड्यांवरच ब्लँकेटे गुंडाळली गेली आणि गरम चहा दिला गेला. घात झाला तो इथेच.

‘वायू’ म्हणत असले तरी मस्टर्ड हा खरे तर तेलकट द्रव. अंगाला लागतो तेव्हा दुखत नाही. काही मिनिटांत तो पेशींत शिरून डीएनएला इजा करतो. फोड आणि डोळ्यांची सूज मात्र काही तासांनी दिसते. पहाटेपर्यंत अनेकांचे डोळे उघडेनासे झाले, अंगावर फोड आले. सहाशेहून अधिक सैनिक-खलाशी यामुळे दाखल झाले, त्यांतले ८३ दगावले. स्टुअर्ट अलेक्झांडर या अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी काही दिवसांनी तिथे येऊन कारण ओळखले, पण धुण्याची वेळ केव्हाच निघून गेली होती.

मस्टर्डवर आजही उतारा नाही. म्हणूनच युद्धवैद्यकात नियम आहे : रसायन लागलेल्या जखमीला आत घेण्याआधी दाराबाहेरच कपडे उतरवायचे, अंग धुवायचे आणि धुणाऱ्याने स्वतःचे संरक्षण करायचे. डोळे, फोड, श्वास यांची काळजी आणि जंतुसंसर्ग रोखणे हे सगळे त्यानंतर.

आमच्या सरकारी रुग्णालयात युद्धातले जखमी येत नाहीत, पण बारीची चूक येते. अंगावर ॲसिड सांडलेल्या एका कामगाराला मित्रांनी तातडीने मोटारसायकलवर घालून आणले. अंगात तोच भिजलेला शर्ट होता. वाटेतला अर्धा तास ॲसिड आपले काम करत राहिले. मित्रांची धडपड खरी होती. कारखान्यातला नळ मात्र कुणाला आठवला नाही.

म्हणून एवढे लक्षात ठेवा. हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हातात घालून जखमीचे कपडे, दागिने, घड्याळ काढा. शर्ट डोक्यावरून ओढू नका, कापा. चुना किंवा सिमेंटसारखी कोरडी पूड असेल तर आधी झटकून टाका. मग नळाच्या वाहत्या पाण्याखाली किमान वीस मिनिटे धुवा. पाणी दुसऱ्या अंगावर किंवा चांगल्या डोळ्यात ओघळू देऊ नका. ॲसिडवर सोडा, चुन्यावर लिंबू असले प्रयोग करू नका. त्या क्रियेतून उष्णता निर्माण होऊन जखम वाढू शकते. हळद, तूप, टूथपेस्टही नको.

तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब दाबताना मुलांच्या डोळ्यात चुना उडतो. अशा वेळी डोळा चोळू न देता पापण्या उघड्या धरून धार सोडा. चुना खोलवर शिरत जातो आणि दृष्टी जाऊ शकते, म्हणून मूल रडले तरी धुणे थांबवू नका. नंतर लगेच नेत्रतज्ज्ञांकडे न्या.

धुणे सुरू असतानाच दुसऱ्या कुणाला १०८ वर फोन करायला सांगा. येताना रसायनाची बाटली किंवा तिच्यावरच्या लेबलचा फोटो सोबत आणा. बारीतल्या डॉक्टरांना नेमके तेच नाव कुणी सांगितले नव्हते.