टायरपुराण ७ : ॲव्हरेज पडलं की मीटर चुकलं?

या आठवड्याला हवेच्या दाबाचं लिहायचं ठरलं होतं. ते पुढं ढकलतोय. साताऱ्याहून एका वाचकांचं पत्र आलंय आणि त्यांचा प्रश्न माझ्या इतक्या आवडीचा आहे, की तो बाजूला ठेवून हवेबद्दल लिहिणं मला जमणार नाही.

त्यांच्याकडे टोयोटाची हायलक्स आहे. कंपनीचे २६५/६५ आर १७ मापाचे टायर झिजले म्हणून त्यांनी २६५/७० आर १७ मापाचे ऑल-टेरेन घातले. जाड गोट्यांची नक्षी, कडेवर पांढरी अक्षरं. गाडी कुठंही उभी केली की लोक वळून बघतात, असं ते लिहितात. पण डिझेलचं ॲव्हरेज बारावरून अकरावर आलं. टायरवाला म्हणतो, नवा टायर आहे, घासला की सुधारेल. मेकॅनिक म्हणतो, टायर जड आहेत, काढून टाका. मेव्हणे म्हणतात, हौस केलीत ना, आता भरा डिझेल. यातलं खरं कुणाचं?

थोडं थोडं तिघांचंही. पण हे अकरा किलोमीटर मोजले कुणी, हे मात्र कुणीच विचारलं नाही.

ओडोमीटर रस्ता मोजत नाही, फेऱ्या मोजतो. सेन्सरकडून फेऱ्यांचा आकडा येतो, कारखान्यात ठरवून दिलेल्या घेरानं त्याला गुणलं जातं आणि किलोमीटर दिसतात. तुम्ही टायर बदललात हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलेलं नसतं. मापं कशी वाचायची ते आपलं झालेलं आहे, त्यामुळे थेट हिशेबच मांडतो. २६५ चे ६५ टक्के म्हणजे १७२ मिलिमीटर आणि वर थोडं, ही टायरच्या कडेची उंची. ती वर आणि खाली धरून ३४४.५. त्यात १७ इंची रिमचे ४३१.८ मिळवा. टायरचा व्यास आला ७७६ मिलिमीटर. आता ६५ च्या जागी ७० घालून बघा. व्यास येतो ८०३. म्हणजे चाक ३.४ टक्के मोठं झालं. मीटर १०० किलोमीटर दाखवतो तेव्हा गाडी १०३.४ किलोमीटर चाललेली असते.

तेव्हा साताऱ्याचे ते अकरा प्रत्यक्षात ११.३७ आहेत. ॲव्हरेज एक किलोमीटरनं पडलं असं ज्याला आपण म्हणतोय, त्यातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग निव्वळ मीटरचा आहे. डिझेल कुठं गेलेलंच नाही.

आणखी एक गंमत. आधीचे ‘बारा’ मोजले गेले ते झिजलेल्या टायरवर. नक्षी घासली की चाकाचा घेर थोडा कमी होतो, त्याच रस्त्याला फेऱ्या थोड्या जास्त होतात आणि मीटर वाढवून सांगतो. म्हणजे जुना आकडा किंचित फुगलेला आणि नवा आकडा आक्रसलेला. या दोघांची तुलना करून चांगले टायर निम्म्या किमतीत विकून टाकणारे लोक मी पाहिलेत. त्यांना घेर समजावत बसणं हा माझा जुना छंद आहे.

पडताळा घ्यायचा तर स्पीडोमीटर बघून घेऊ नका. इथं पुष्कळ जण फसतात. स्पीडोमीटरनं खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचं नाही असा दंडक आहे, त्यामुळे कंपन्या तो मुळातच थोडा चढा ठेवतात. मोठा टायर घातला की तो चढेपणा निघून जातो, मोबाइलवरचा वेग आणि काट्यावरचा वेग जवळपास जुळतात आणि मालक खूश होतो : बघा, मीटर आता एकदम करेक्ट! पण ओडोमीटर तसा चढा ठेवलेला नसतो. काटा बरोबर आला तरी किलोमीटर कमीच भरतात. सोपी रीत अशी : हायवेवर एका किलोमीटरच्या दगडापाशी ट्रिप शून्य करा आणि पन्नास किलोमीटर पुढच्या दगडापाशी वाचा. या टायरवर साधारण ४८.४ दिसायला हवेत. पाच-दहा किलोमीटरवर विसंबू नका, आपल्याकडे दगडही सरकलेले असतात. टाकी मात्र फुल टू फुलच मोजायची, त्याच पंपावर, नोझल आपोआप बंद पडेल तिथंच थांबून.

मीटरचा दोष वजा केला तरी साधारण पाच टक्क्यांची घट उरते. ती खरी आहे.

टायर रस्त्यावर टेकतो तिथं तो दबतो आणि पुढं गेला की पुन्हा फुलतो. दाबायला लागलेली सगळी ताकद रबर परत देत नाही, काही उष्णता होऊन जाते; टायरचा फिरण्याला होणारा विरोध तो हाच. लांबच्या प्रवासानंतर टायरला हात लावून बघा, पाच टक्क्यांतला बराचसा भाग तिथं सापडेल. ऑल-टेरेनच्या गोट्या उंच आणि सुट्या असतात. प्रत्येक गोटी रस्त्याला टेकताना वाकते, सरकते, सुटते. रबर जास्त, म्हणून उष्णताही जास्त. नक्षी झिजत जाते तसा हा विरोध कमी होतो, म्हणून टायरवाल्याचं म्हणणं अगदीच थाप नाही. मेकॅनिकचंही खरं : असा टायर कंपनीच्या टायरपेक्षा बहुतेक वेळा काही किलोंनी जड असतो आणि गावात दर सिग्नलला ते वजन नव्यानं फिरवावं लागतं. शिवाय चाक मोठं म्हणजे सगळेच गिअर थोडे लांब झाले. सपाटीला ते खपून जातं, खंबाटकी चढताना एक गिअर खाली यावं लागतं.

तरी प्रमाण लक्षात ठेवा. अमेरिकेत २००६ साली संसदेच्या सांगण्यावरून तज्ज्ञांच्या समितीनं याचा अभ्यास केला होता. टायरचा विरोध १० टक्के कमी झाला तर इंधन १ ते २ टक्के वाचतं, असा त्यांचा अंदाज. तो साध्या मोटारींसाठी होता, पण पिकअपलाही अंदाज बांधायला पुरतो. नुसत्या नक्षीनं बाराचे आठ होत नाहीत. तसं झालं असेल तर टायर सोडा, ब्रेक चिकटतोय का ते बघा.

मेव्हण्यांच्या हौशीबद्दल. पांढरी अक्षरं थेंबभरही डिझेल पीत नाहीत. काळ्या रबराच्या आत पांढऱ्या रबराचा थर असतो आणि अक्षरांवरचं काळं घासून काढलं की तो दिसतो. टायर काळा असतो तो कार्बन ब्लॅकमुळे, आणि त्यानंच रबराला झिजेविरुद्ध ताकद येते. पांढऱ्या थरात ते नसतं, म्हणून त्याला शोभेपुरतं कडेवरच ठेवतात. बीएफगुडरिचनं १९७६ मध्ये ऑल-टेरेन रेडियल आणला तेव्हापासून ही अक्षरं आणि पिकअप यांची जोडी जमली आहे. अक्षरं काही महिन्यांनी तपकिरी पडतात. ऊन आणि ओझोनपासून रबर वाचवणारी रसायनं आतून वर येतात, त्याचा तो डाग. साबण आणि ब्रश पुरे. चकाकीचं तेल फासू नका.

आता पकड. पत्रात लिहिलंय की गाडी बहुतेक पुणे-सातारा रस्त्यावर असते, पावसाळ्यात ठोसेघरकडे आणि महिन्यातून काही वेळा कोरेगावच्या शेतावर. शेत काळ्या मातीचं. काळी चिकण माती ओली झाली की ऑल-टेरेनची नक्षीसुद्धा भरते आणि टायर गुळगुळीत होऊन फिरत राहतो. चिखल फेकायला मोठ्या खाचांचा मड-टेरेनच लागतो. पण त्याच मड-टेरेनचं ओल्या डांबरावर रबर कमी टेकतं, ब्रेकला गाडी लांब जाते, आवाज वेगळाच. महिन्यातल्या चार फेऱ्यांसाठी उरलेले दिवस ओल्या घाटात असा टायर वापरू नये. पावसात शेतावर शेवटचा अर्धा किलोमीटर चालत जावं, हे माझं स्पष्ट मत. कोकणातल्या जांभ्याच्या वाटांना तर साधा ऑल-टेरेन भरपूर झाला.

माझा कौल : ऑल-टेरेन बरोबर निवडले, माप चुकलं. हीच नक्षी, हीच पांढरी अक्षरं २६५/६५ आर १७ मध्ये मिळतात. मीटर खरा राहतो, गिअर होते तसे राहतात आणि उत्पादकानं नोंदवलेल्या तपशिलात बदल नको म्हणणाऱ्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चाही प्रश्न येत नाही. मोठ्या मापानं मिळवलं काय? व्यास २७ मिलिमीटरनं वाढला, पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मीच, म्हणजे जेमतेम १३ मिलिमीटर. घातलेत ते टायर विकू मात्र नका. चाक पूर्ण वळवून आणि सस्पेन्शन दबलेलं असताना कुठं घासत नाही ना ते बघा, आणि ॲव्हरेज काढताना किलोमीटरना १.०३४ नं गुणा.

एक गोष्ट मात्र आजच करा. स्टेपनी बहुधा जुन्याच मापाची राहिली असेल. पंक्चर झाल्यावर ती लावून फोर-व्हीलमध्ये गाडी चालवलीत, तर पुढच्या आणि मागच्या चाकांच्या फेऱ्या जुळणार नाहीत आणि कोरड्या डांबरावर तो ताण थेट ट्रान्सफर केसवर येईल. स्टेपनी लावलेली असेपर्यंत टू-व्हीलमध्येच, सावकाश चालवा. पाचवा टायर बाकी चारांच्या मापाचा घ्या. हवेचं पुढच्या आठवड्यात, नक्की.