पेटीतला कागद आणि आत्याची सही: घरातल्या गुपितावरचं थ्रिलर

(भाग ऐकायला वेळ नसेल किंवा एसटीत रेंज जात असेल, तर हा लिखित मजकूर. बोललेलं जवळपास तसंच ठेवलंय, फक्त माझे 'म्हणजे' कमी केलेत.)

मी कळंबातून बोलतोय. मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच गोष्ट विचारली. घरातली गुपितं आणि सूड यावर सायकॉलॉजिकल थ्रिलर लिहायचंय, पण लिहायला बसलं की बंगला, पाऊस, वीज गेलेली आणि जिन्यावर पावलं, हेच सुचतं. आता मला सांगा, तुमच्या ओळखीत बंगला कुणाचा आहे? नाही ना? मग सोडा तो.

आपल्याकडचं गुपित लोखंडी पेटीत असतं. 2023 साली कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं, तेव्हा मराठवाड्यात किती घरांत जुनी दप्तरं खाली उतरली आठवा. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात, त्यामुळं कागद उर्दूत, काही मोडीत. घरात वाचता येणारं कुणी नाही. समजा, पणजोबांची नोंद शोधायला पेटी उघडली आणि त्यांच्या शेजारी एक नाव निघालं, जे घरात कुणी कधी घेतलेलंच नाही. कागद वाचणारा माणूस परका आहे. तो वाचता वाचता थांबतो, चष्मा काढतो आणि विचारतो, "पुढचं सगळ्यांसमोर वाचू का?" झाला तुमचा पहिला भाग. रक्ताचा एक थेंब नाही त्यात.

इथं एक फरक लक्षात घ्या. बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार किंवा काळापहाड बाहेरून येतो, कोडं सोडवतो आणि निघून जातो. घरातल्या गुपिताच्या थ्रिलरमध्ये शोधणारा घरातलाच असतो आणि खरं सापडलं तर नुकसान त्याचंच होणार असतं. ज्या जमिनीवर त्याचं शिक्षण झालं, ती कुणाची होती हे त्याला कळणार आहे. त्यामुळं तो शोधतोही आणि टाळतोही. ही ओढाताण आली की गोष्ट सायकॉलॉजिकल झाली. नुसता वेडा खुनी आणून ती होत नाही.

मी सध्या जी मालिका लिहितोय ती हक्कसोड पत्रावर आहे. महाराष्ट्रात 1994 च्या कायद्यानं आणि देशभर 2005 च्या दुरुस्तीनं मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाएवढा हक्क आला. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की हा हक्क जन्मानं येतो, 2005 साली वडील हयात असायलाच पाहिजेत असं नाही. कायदा असा आहे, आणि घरात काय होतं? बहिणीला जेवायला बोलावतात, साडी घेतात आणि जाता जाता दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेतात. फोटो, अंगठा, दोन साक्षीदार. मग फेरफाराची नोटीस निघते. हरकत घ्यायला 15 दिवस.

हे 15 दिवस म्हणजे थ्रिलर लिहिणाऱ्याला आयतं घड्याळच! एक दिवस, एक भाग. नोटीस चावडीवर लागलीय, गावातल्या प्रत्येकानं ती बघितलीय, फक्त जिच्याबद्दल आहे ती सासरी आहे. तिला कोण सांगणार? कुणीच सांगत नाही, कारण प्रत्येकाच्या घरात अशी एक बहीण आहे.

म्हणजे सगळ्या गावाला माहीत असलेली, पण कुणी तोंडातून न काढलेली गोष्ट, हेच आपल्याकडचं गुपित. ते शेवटच्या पानापर्यंत लपवायच्या भानगडीत पडू नका. 1773 मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. 'ध' चा 'मा' केल्याची गोष्ट शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. तरी खाडिलकरांनी 1909 साली त्यावर 'भाऊबंदकी' नाटक लिहिलं आणि ते गाजलं. 'रात्रीस खेळ चाले' घ्या. 2016 मध्ये मालिका सुरू झाली ती अण्णा नाईकांच्या मृत्यूनं. दुसऱ्या पर्वात गोष्ट मागं नेली, जिवंत अण्णा दाखवले. माणूस मरणार आहे हे सगळ्यांना माहीत, तरी लोक चिकटून बसले. 'काय झालं' यापेक्षा 'हे माहीत असून ही माणसं एका पंगतीत जेवतात कशी' हा प्रश्न जास्त खेचतो.

आता सूड. आपल्याकडं सूड सहसा चाकूनं घेत नाहीत. बांध कोरतात, शेताचा रस्ता अडवतात, लग्नपत्रिकेतून नाव गाळतात, वीस वर्षं दावा चालवतात. माझ्या मालिकेतली बहीण यातलं काहीच करत नाही. तीन बहिणींपैकी तिची एकटीची सही राहिलीय. रस्त्यासाठी जमीन संपादनात जाते, मोबदला येतो, आणि भाऊ पहिल्यांदा तिच्या दारात येतो. ती चहा करते. सहीचा विषय निघाला की म्हणते, "बघू की." सहा भाग ती एवढंच म्हणते. माझ्या मते सगळ्या मालिकेतलं सगळ्यात भीतीदायक वाक्य तेच आहे.

हे मला सुचलं ते माझ्या आत्यावरून. तिनं सही केली होती. लिहायच्या आधी मी तिला विचारलं, कारण गोष्ट तिची आहे, माझा नुसता मोबाईल आहे. ती बराच वेळ गवारीच्या शेंगा मोडत बसली. मग म्हणाली, "नाव बदल. गाव बदल. पण साडी हिरवीच ठेव, त्याला कळू दे." आता 'त्याला' म्हणजे माझ्या वडिलांना. मालिका घरात कधी लावायची, हे मी अजून ठरवलेलं नाही.

आता ही मालिका लोकांपर्यंत न्यायची कशी. 'सत्य घटनेवर आधारित' ही ओळ पोस्टरवर टाकायचा मोह सगळ्यांना होतो, कारण तिच्यावर क्लिक येतात. मी टाकणार नाही. पुण्या-मुंबईत चालत असेल, पण कळंबसारख्या गावात ती ओळ दिसली की मोंढ्यापासून बसस्टँडपर्यंत अंदाज सुरू होतात आणि हमखास चुकीच्या घरावर बोट जातं. नुसतं नाव बदलून भागत नाही. माणूस ओळखू येत असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली बदनामीची तक्रार होऊ शकते. मेलेल्या माणसाबद्दल लिहूनही, त्याच्या घरच्यांना दुखवायच्या हेतूनं ते लिहिलं असेल, तर होऊ शकते. म्हणून धंदा, भावंडांची संख्या, गाव, साल, यातल्या किमान तीन गोष्टी खऱ्याखुऱ्या बदला.

ट्रेलरमध्ये गुपित विकू नका, प्रश्न विका. माझा ट्रेलर चाळीस सेकंदांचा आहे. पेटीची कडी वाजते, कागद उलगडल्याचा आवाज येतो आणि एक बाई म्हणते, "ही सही माझी नाही." बस. पाठीमागं ढँटॅढँ संगीत नाही. आपला ऐकणारा एक इअरफोन कानात घालून एसटीत किंवा अभ्यासिकेत बसलेला असतो, त्याला शांतता जास्त टोचते. नावात 'रहस्य', 'सूड', 'थरार' हे तिन्ही शब्द नकोत. कथासंग्रहाचं नाव नुसतं 'खेकडा' ठेवून रत्नाकर मतकरींनी जेवढी भीती घातली, तेवढी त्या तिघांना मिळून जमत नाही. आणि लिंक थेट नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. तिथं पहिलाच मेसेज येतो, "हे कुणाबद्दल आहे?" आणि पुढची चर्चा गोष्टीची राहत नाही.

पुढच्या भागाआधी एक काम करा. तुमच्या घरातला असा एक कागद निवडा जो तुम्ही बघितलाय पण वाचला नाही. तो वाचू नका. त्यात काय असेल याची सगळ्यात जास्त भीती घरात कुणाला वाटते, ते एका पानात लिहा आणि दोन मिनिटांच्या व्हॉइस नोटमध्ये मला पाठवा. नावं बदलून.