कातडी विसरत नाही

माझ्या डाव्या मनगटावर चवलीएवढा डाग आहे. सहा-सात वर्षांचा असताना मला कावीळ झाली, तेव्हा गावातल्या एका जाणत्या माणसाने तापलेल्या सळईने तो दिला. कावीळ बहुधा आपसूकच उतरली असती; डाग मात्र पन्नास वर्षांनीही जागचा हललेला नाही.

शेजारच्या काकूंच्या हातावर तुळस गोंदलेली होती. दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढं सोबत येतं, असं त्या म्हणत. आमच्या मुसलमान घरात गोंदण वर्ज्य. डाग मात्र औषध म्हणून चालला!

या खुणा टिकतात कशा? कातडीचा वरचा थर महिनाभरात झडून नवा येतो, म्हणून मेंदी फिकी होत जाते. गोंदणाची सुई खालच्या थरात काजळी सोडते. तिथल्या रक्षक पेशी ते कण गिळतात, पण त्यांना ते पचत नाहीत. एक पेशी मेली की कण दुसरी उचलते. फ्रान्समधील संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवर हे दाखवून दिलं. भाजल्यावर किंवा खोल कापल्यावर वेगळंच घडतं. शरीर घाईघाईने जाड तंतूंचं ठिगळ लावतं. तोच वण.

काळ्या कातडीवर काजळी उठून दिसत नाही. तिथे वणालाच मान मिळाला. दक्षिण सुदानमधल्या नुएर लोकांत मुलाच्या कपाळावर सहा आडव्या रेषा कापत. त्या भरून आल्या की तो पुरुषांत गणला जाई. निदान त्याला ठाऊक असे की आपल्याला काय होणार आहे.

आपल्या मेळघाटात मात्र तान्ह्या बाळाचं पोट फुगलं की तापलेल्या विळ्याचे चटके देतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलदरा तालुक्यात अवघ्या २२ दिवसांच्या बाळाला असे ६५ चटके दिल्याची बातमी आली. पोटाचं दुखणं त्याने बरं होत नाही. उलट भाजलेल्या कातडीतून जंतू आत शिरतात. अशा बाळाला दवाखान्यातच न्यायला हवं.

त्या आईबापांना क्रूर म्हणायला माझी जीभ उचलत नाही. माझा हात धरून बसली होती ती माझी आईच, आणि तीही रडत होती. काकूंनी तुळस हौसेने गोंदवून घेतली होती. मला कुणी विचारलं नव्हतं. जी खूण जन्मभर जाणार नाही, ती निदान ज्याची कातडी त्याला विचारून तरी उमटावी.