भयाचा साक्षीदार : 'माझा प्रवास'मधील वीरत्व आणि भय

वीर आणि भयानक हे दोन रस परस्परविरोधी आहेत, हा भारतीय साहित्यशास्त्रातील एक रूढ सिद्धान्त होय. भरताने नाट्यशास्त्रात वीररसाचा स्थायीभाव 'उत्साह' सांगितला आणि तो उत्तम प्रकृतीच्या ठिकाणी मानला. भयानक रसाचा स्थायीभाव जे 'भय', ते मात्र स्त्रिया व नीच प्रकृतीच्या व्यक्ती यांच्या ठिकाणी संभवते, असे म्हटले. ही विभागणी पुढे इतकी अंगवळणी पडली की, वीर म्हणजे निर्भय आणि भ्यालेला म्हणजे वीरत्वाला पारखा, असे समीकरण आपण जीवनव्यवहारातही गृहीत धरून चालतो. हे समीकरण कितपत टिकते, याचा विचार विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास' या ग्रंथाच्या आधारे करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम शास्त्रातील एक व्यवस्था लक्षात घेतली पाहिजे. परस्परविरोधी रस एका काव्यात आणावयाचे झाल्यास त्यांचा आश्रय भिन्न ठेवावा, असा मार्ग आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'च्या तिसऱ्या उद्द्योतात सुचविला आहे. नायकाच्या ठिकाणी वीर असेल तर भय त्याच्या प्रतिपक्षाच्या ठिकाणी दाखवावे. म्हणजे विरोध मिटतो आणि शत्रूच्या भयाने नायकाचे वीरत्व उलट उठून दिसते. मराठी वीरकाव्याचा सर्वसामान्य कल याच दिशेचा आहे. पोवाड्यातील शाहीर भय शत्रूच्या गोटात नेऊन ठेवतो. बखरकारही पराभवाचे वर्णन करतो, शोक करतो, दैवाला बोल लावतो. परंतु 'मी भ्यालो' असे वाक्य तो सहसा लिहीत नाही, कारण तो स्वतः कथेत नसतोच. आपल्या बाजूचे भय कोणी सांगावयाचे, हा प्रश्न या परंपरेत बहुधा अनुत्तरित राहतो.

'माझा प्रवास' वेगळा ठरतो तो येथे. वरसई येथील हे भिक्षुक ब्राह्मण १८५७ साली आपल्या काकांसमवेत उत्तरेकडे निघाले, ते बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असल्याची वार्ता ऐकून. घरावर कर्ज होते आणि दक्षिणा मिळवून ते फेडावे एवढाच हेतू होता. वाटेतच उठावाची गाठ पडली आणि पुढे झांशीच्या वेढ्यात ते अडकले. अनुभवानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी, चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून, त्यांनी ही हकिकत लिहून काढली. लेखकाच्या मृत्यूनंतर १९०७ मध्ये वैद्यांनी ती संस्कारित स्वरूपात प्रसिद्ध केली. मूळ हस्तलिखितावरून सिद्ध झालेली दत्तो वामन पोतदारांची आवृत्ती १९६६ ची. स्मरणावर विसंबलेल्या या लेखनातील तपशील इतिहासकाराला पारखून घ्यावे लागतात, हे खरे; परंतु भयाच्या स्मरणाची प्रत त्यामुळे कमी होत नाही.

मार्च १८५८ च्या उत्तरार्धात ह्यू रोजच्या सैन्याने झांशीला वेढा घातला. गोडशांच्या वर्णनात रात्री आकाशातून जाणारे तापलेले लाल गोळे चेंडूसारखे दिसतात आणि पाहणाऱ्या प्रत्येकाला तो गोळा आपल्याच अंगावर येत आहे असे वाटते. हे वर्णन रणभूमीवरील योद्ध्याचे नाही. घराच्या आडोशाने आकाशाकडे पाहणाऱ्या माणसाचे आहे. एप्रिलच्या आरंभी तात्या टोपे यांच्या मदतीला आलेल्या फौजेचा बेतवेच्या काठी मोड झाला आणि ३ एप्रिल रोजी इंग्रज सैन्य शहरात घुसले. त्यानंतरची कत्तल, लूट, जळणारी घरे, लपून काढलेले दिवस आणि पाण्यावाचून झालेली तगमग गोडसे लिहितात, तेव्हा आपण लपलो, आपण कासावीस झालो, हे ते कोठेही झाकत नाहीत. स्वतःला वीर ठरविण्याचा मोह या लेखनात नाही, आणि भयाबद्दल क्षमायाचनाही नाही.

वर्गात हा भाग शिकविताना विद्यार्थी बहुधा एक प्रश्न विचारतात : जो लपून बसला त्याच्या साक्षीचे मोल काय? प्रस्तुत लेखकाच्या मते मोल नेमके त्या लपण्यातच आहे. याच भ्यालेल्या माणसाच्या नजरेतून राणी लक्ष्मीबाई आपल्यापुढे येते, आणि म्हणून ती पुतळ्यासारखी येत नाही. शहर जळताना पाहून ती खचते, वाड्यात दारूगोळ्यासह स्वतःला जाळून घेण्याचा विचार बोलून दाखविते आणि एका वृद्ध सरदाराच्या उपदेशाने त्यापासून परावृत्त होऊन रात्री किल्ल्याबाहेर पडते. पुढे काळपीच्या परिसरात एका विहिरीपाशी गोडशांची आणि तिची अकस्मात गाठ पडते. पठाणी पोशाखातली, धुळीने माखलेली, तहानेने व्याकूळ झालेली राणी. गोडसे पाणी काढण्यास पुढे होतात. पण विद्वान ब्राह्मणाने आपल्याकरिता पाणी काढू नये असे म्हणून ती स्वतःच मडक्याने पाणी काढून ओंजळीने पिते. आपण अर्ध्या शेर तांदळाची धनीण, एका विधवेला या उद्योगाची वास्तविक गरज नव्हती, पण धर्माच्या अभिमानाने आपण तो पत्करला आणि दैवाने यश दिले नाही, अशा आशयाचे तिचे बोलणे ते नोंदवितात. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरनजीक ती रणात पडली. विहिरीवरच्या त्या सकाळी तिच्यापाशी विजयाची आशा नव्हती. तरीही ती घोडा वळवून पुढे गेली, एवढे मात्र निश्चित.

आता भरताच्या विभागणीकडे पुन्हा वळू. या ग्रंथात उत्साह एका स्त्रीच्या ठिकाणी आहे आणि भय एका वेदशास्त्रसंपन्न पुरुषाच्या ठिकाणी. प्रकृतीवरून भाव ठरविण्याचा संकेत येथे उलटा झाला आहे, आणि तोही लेखकाच्या कोणत्याही बंडखोर हेतूशिवाय, केवळ पाहिले ते लिहिल्यामुळे. भय शत्रूच्या गोटात ठेवण्याची आनंदवर्धनाची व्यवस्थाही येथे लागू पडत नाही. भय आपल्याच बाजूचे आहे, कथकाचे आहे. तरीही वीररसाची हानी होत नाही. संकट किती मोठे होते हे भ्यालेल्या साक्षीदाराकडूनच कळते, आणि ते कळले म्हणजे त्या संकटापुढे उभे राहणाऱ्याचे मोलही कळते. ज्या कथेत कोणीच भीत नाही, त्या कथेतील शौर्य मापावयाचे कशाने?

येथे शास्त्रातील एका शब्दाची निवड अर्थपूर्ण वाटते. वीररसाचा स्थायीभाव म्हणून भरताने 'निर्भयता' म्हटले नाही, 'उत्साह' म्हटले. उत्साह म्हणजे कार्याविषयीचा टिकाऊ उद्योग, संकल्पाला चिकटून राहणे. वीराच्या व्यभिचारी भावांत धृतीबरोबर आवेगही सांगितलेला आहे. म्हणजे मनाची खळबळ वीराला वर्ज्य नाही. तिने कार्य सुटता कामा नये, एवढेच. युद्धाप्रमाणेच दान आणि धर्म यांतही वीररस मानला गेला, तो याच व्यापक अर्थाने.

या अर्थाने पाहता विष्णुभटांच्या प्रवासाचा शेवट विचारात घेण्यासारखा आहे. मिळविलेले द्रव्य लुटले गेले, कर्ज फेडण्याचा हेतू फसला. परंतु आईवडिलांना गंगास्नान घडविण्याचा संकल्प त्यांनी सोडला नाही. गंगोदकाची कावड खांद्यावर घेऊन, अजून पुरत्या न निवळलेल्या मुलखातून पायी चालत ते वरसईस पोहोचले. ज्याने झांशीत जीव मुठीत धरून दिवस काढले, तोच हा माणूस. त्याला वीर म्हणावयास आपली जीभ कचरते, याचे कारण त्याच्यातील उणीव नसून आपल्या व्याख्येचा अपुरेपणा आहे. भय आणि वीरत्व ही दोन वेगळ्या जातींच्या माणसांची लक्षणे नसून एकाच माणसाच्या आयुष्यातील दोन सोबती आहेत. मराठी वीरवाङ्मयाच्या अभ्यासात पोवाड्याशेजारी या भिक्षुकाच्या पोथीला स्थान द्यावयाचे ते याकरिता.