कानशिलावरची सोनोग्राफी आणि सिकलसेलची मुले



सातपुड्यातील आमच्या कामात चौथीत शिकणारा एक मुलगा होता. त्याला सिकलसेल होता. एका सकाळी त्याच्या हातातून पेन्सिल गळून पडली, तोंड वाकडे झाले. नऊ वर्षांच्या पोराला अर्धांगवायू! घरच्यांना ती बाहेरची बाधा वाटली. मलाही सिकलसेल म्हणजे सांधेदुखी आणि अशक्तपणा, एवढेच ठाऊक होते. हा धोका आधी ओळखता येतो हे मला नंतर कळले. तुम्हाला ते आधी कळावे, म्हणून हा लेख.

सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि कडक होतात. त्यांच्यामुळे मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्यांच्या अस्तराला इजा होते आणि धमनी हळूहळू अरुंद होते. पाइपाचे तोंड अंगठ्याने दाबले की पाण्याची धार जोरात उडते. तसेच अरुंद धमनीतून रक्त जास्त वेगाने धावते. हा वेग सुई न टोचता मोजता येतो.

गाडी जवळ येताना हॉर्नचा आवाज चढा लागतो, पुढे गेल्यावर उतरतो. ख्रिश्चन डॉप्लर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये या परिणामाचे तत्त्व मांडले. कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी वाहत्या रक्तपेशींवर आदळून परततात, तेव्हा त्यांच्यातही असाच फरक पडतो. त्यावरून यंत्र वेग काढते. कानशिलाजवळ हाड पातळ असते, तेथून या लहरी मेंदूच्या धमन्यांपर्यंत पोहोचतात. रूने आस्लिड आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये ही पद्धत मांडली. तिला ट्रान्सक्रेनियल डॉप्लर म्हणतात.

तपासणीत मूल पडून राहते, कानशिलावर जेल लावून यंत्राची दांडी टेकवतात. दुखत नाही, क्ष-किरणही नसतात. मात्र मूल जागे आणि शांत हवे. झोप किंवा ताप असेल तर आकडा बदलतो.

सरासरी वेग सेकंदाला १७० सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ठीक. १७० ते १९९ असेल तर लवकर पुन्हा तपासतात. २०० किंवा अधिक म्हणजे मोठा धोका. अशा १३० मुलांचा अमेरिकेतील अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. नियमित रक्त दिलेल्या ६३ मुलांपैकी एकाला झटका आला, नेहमीचे उपचार मिळालेल्या ६७ पैकी ११ जणांना. जिथे दर महिन्याला रक्त देणे कठीण, तिथे डॉक्टर हायड्रॉक्सियुरिया या गोळ्यांचा विचार करतात.

दोन गोष्टी लक्षात असू द्या. या यंत्राने सिकलसेल आहे की नाही हे कळत नाही. त्यासाठी रक्ताचीच तपासणी लागते. आणि ही सोनोग्राफी केवळ वाहक असलेल्या मुलांसाठी नाही, तर प्रत्यक्ष आजार असलेल्या २ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी आहे. ती वर्षातून एकदा करतात.

ही सोय प्रत्येक तालुक्यात नाही. म्हणून आता मी प्रत्येक पालकाला सांगतो, "मोठ्या दवाखान्यात गेलात की डोक्याच्या डॉप्लरचे विचारा." जिल्ह्याच्या गावापर्यंतचे एसटीचे भाडे आणि बुडणारी मजुरी, एवढ्यावरच पुष्कळदा हे अडते. तिथे तुमचा हातभार उपयोगी पडतो.

तो मुलगा आता डाव्या हाताने लिहितो. त्याच्या धाकट्या बहिणीलाही सिकलसेल आहे. तिची तपासणी आम्ही वेळेत करून घेतली. तिच्यासाठी प्रार्थना करा.