फुफ्फुसातली बुरशी : अ‍ॅस्परजिलस

नाव : १७२९ मध्ये इटलीतील वनस्पतिशास्त्रज्ञ मिकेली यांनी दिले. सूक्ष्मदर्शकाखाली तिचा आकार त्यांना चर्चमध्ये पवित्र पाणी शिंपडण्याच्या साधनासारखा दिसला.

ठिकाणा : कुजका पालापाचोळा, ओल धरलेल्या भिंती, बांधकामाची धूळ. बीजाणू २ ते ३ मायक्रॉनचे. आपण ते रोज श्वासातून घेतो. निरोगी शरीर त्यांचा परस्पर निकाल लावते.

धोका कोणाला : रक्ताचा कर्करोग, अस्थिमज्जा किंवा फुफ्फुस प्रत्यारोपण, दीर्घकाळ स्टेरॉइड. न्यूट्रोफिल या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी फार घटल्या, की बुरशीचे तंतू फुफ्फुसात आणि रक्तवाहिन्यांत घुसतात.

लक्षणे : अँटिबायोटिकला न जुमानणारा ताप, खोकला, छातीत दुखणे, थुंकीतून रक्त. माणसाकडून माणसाला पसरत नाही.

गोळ्याचा प्रकार वेगळा : क्षयाने पडलेल्या जुन्या पोकळीत बुरशीचा गोळा साचतो. त्यासाठी प्रतिकारशक्ती ढासळलेली असावीच लागते असे नाही.

काळी बुरशी ती हीच का? नाही. २०२१ मध्ये कोविडनंतर गाजला तो म्युकरमायकोसिस. अ‍ॅस्परजिलसवर प्रथम वापरले जाणारे व्होरिकोनाझोल म्युकरवर चालत नाही. तिथे अ‍ॅम्फोटेरिसिन बी आणि शस्त्रक्रिया.

यादीत : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या बुरशी-यादीत ‘अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस’ ही प्रजाती सर्वांत गंभीर गटात.